खळ्यातली माती: खाडीकाठच्या एका घरातील शिशाच्या प्रदूषणाचा प्रकरण अभ्यास

राजापूर तालुक्यात खाडीच्या काठाला असलेल्या एका वाडीतले हे प्रकरण आहे आणि ज्या घरात ते घडले ते माझे माहेर आहे. घरच्यांच्या संमतीने लिहीत असले, तरी गावाचे आणि माणसांचे नाव येथे देत नाही. ज्या वस्तूमुळे, म्हणजे जुन्या बॅटऱ्यांतल्या शिशामुळे, हे घडले ती किनाऱ्यावरच्या कितीतरी मांगरांत, म्हणजे घरालगतच्या शेतीसामानाच्या खोपटांत, आजही पडलेली असेल, म्हणून एकाच घराकडे बोट दाखवले जाऊ नये असे मला वाटते. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. पाण्यातील धातू कसे मोजावेत हे मी विद्यार्थ्यांना सांगत आले आहे. तरीही या प्रकरणात पहिली दिशा मीच चुकीची धरली आणि त्यात एका लहान मुलाचे दोन महिने गेले. ती चूक नीट समजल्याशिवाय पुढच्या कामाचा अर्थ लागणार नाही, म्हणून तीही सविस्तर नोंदवत आहे.

घराची मांडणी

घर उताराच्या मध्यावर आहे. वर जांभ्याचा सडा, त्याखाली कलमांची बाग, मग घर, घरापुढे खळे, म्हणजे सारवलेले अंगण, आणि खळ्याच्या उजव्या अंगाला मांगर. मांगरामागे गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांचे कुंपण, आहे आणि गडग्यापलीकडून एक पावसाळी पऱ्या वाहतो. तो भाताच्या चार कुणग्यांना वळसा घालून खाजणात, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या सखल जमिनीत, उतरतो आणि पुढे कांदळवनातून खाडीला मिळतो. विहीर खळ्याच्या खालच्या बाजूला, पऱ्यापासून थोड्याच अंतरावर आहे. ही मांडणी वाचकाने लक्षात ठेवावी, कारण या प्रकरणातले सगळे काही याच उताराने खाली गेले.

माझे वडील शेती करत आणि पाग विणत. पागाच्या काठाला शिशाचे मणी ओवलेले असतात. त्या वजनानेच फेकलेले जाळे झटकन तळाशी बसते आणि मासळी आत अडकते. हे शिसे वडील भंगारवाल्याकडून घेतलेल्या जुन्या बॅटऱ्यांतून काढत. ट्रकच्या बॅटरीचे कवच हातोडीने फोडायचे, आतले आम्ल गडग्याच्या पायथ्याशी ओतायचे, प्लेटा लोखंडी कढईत घालून तीन चिऱ्यांच्या चुलीवर ठेवायच्या, वर आलेली मळी पळीने काढून गडग्यावरून भिरकावायची आणि उरलेला चकचकीत रस चिऱ्यात कोरलेल्या खाचांत ओतायचा. शिसे ३२७.५ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे लाकडाच्या चुलीवर हे काम सहज होते. लहानपणी तो रस ओतताना पाहण्यासाठी आम्ही भावंडे चुलीभोवती बसत असू. वडिलांनी हे काम वीस वर्षांहून अधिक काळ केले. त्यात काही घातक आहे असे त्यांना कधी कोणी सांगितले नव्हते, आणि शिकूनसवरून शहरात गेलेल्या मुलीनेही सांगितले नाही. त्यांच्या निधनाआधी काही वर्षे ते काम थांबले होते.

तक्रार

धाकट्या भावाचा मुलगा चार वर्षांचा असताना त्याचे पोट वारंवार दुखू लागले. जेवण कमी झाले, अंग पांढुरके दिसू लागले, शौचाला त्रास होऊ लागला आणि एरवी शांत असणारे पोर सारखे किरकिरू लागले. जवळच्या डॉक्टरांनी जंताचे औषध आणि लोहाचे सिरप दिले. लक्षणे पाहता ते योग्यच होते, कारण शिशाची बाधा आणि साधा पंडुरोग वरून सारखेच दिसतात. महिनाभराने फरक पडेना, तेव्हा भावाने त्याला कोल्हापूरला बालरोगतज्ज्ञांकडे नेले. तेथे डॉक्टरांनी घरात कोण काय काम करते हे विचारले. बॅटऱ्यांचा उल्लेख निघताच त्यांनी रक्तातील शिशाची तपासणी सांगितली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार रक्तात प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आढळले, तर त्याचा उगम शोधून तो बंद करावा लागतो. लहान मुलांत हे प्रमाण ४५ किंवा त्यावर गेले, तर शरीरातून धातू बांधून बाहेर काढणारी औषधे देण्याची शिफारस आहे. मुलाचा आकडा पाचाच्या बराच वर आणि पंचेचाळीसच्या खाली होता. म्हणजे औषधाने उतरवण्याची ही पायरी नव्हती. पोटात जाणारे शिसे थांबवणे आणि आहारात लोह व कॅल्शियम पुरेसे ठेवणे हाच उपचार होता, कारण या दोहोंची कमतरता असलेले शरीर शिसे अधिक शोषून घेते. शिशाचा अमुक एक अंश मुलांना निर्धोक आहे असे आजचे वैद्यक मानत नाही. वाढत्या मेंदूवर त्याचा जो परिणाम होतो तो बहुतांशी परत फिरत नाही.

पहिला तपास

डिसेंबरमध्ये भावाचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला शब्द आला तो विहीर. गावात पाणी बाधले असे आपण पिढ्यान् पिढ्या म्हणत आलो आहोत आणि मीही त्याच वळणाने गेले. विहिरीत मोटार सोडलेली आहे. मोटार सुरू करून आलेले पहिले पाणी मी स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत घेतले, धातू बाटलीच्या भिंतीला चिकटू नये म्हणून त्यात नायट्रिक आम्लाचे थेंब घातले आणि नमुना मुंबईच्या एका खासगी प्रयोगशाळेत दिला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, शिशाची मर्यादा प्रति लिटर ०.०१ मिलिग्रॅम आहे. अहवाल या मर्यादेच्या वर आला. विहीर बंद झाली, घराने नळपाणी योजनेचे पाणी घेतले आणि मी सुटकेचा श्वास टाकला.

फेब्रुवारीत मुलाचे रक्त पुन्हा तपासले. नवी भर थांबली की रक्तातले शिसे महिन्याभरात बरेच उतरायला लागते. हाडांत साठलेले शिसे हळूहळू रक्तात परतत असल्याने उतार कधी मंद असतो, पण तो दिसायला हवा होता. आकडा जागच्या जागी होता. भावजय मला म्हणाली, "ताई, दोन महिने विहिरीचा थेंब त्याच्या तोंडात गेलेला नाही. मग हे येतंय कुठून?" ही तिची शंका सगळ्या तपासाला वळण देणारी ठरली, आणि ती विचारायला रसायनशास्त्र लागत नव्हते.

मी पुन्हा विहिरीवर गेले. या वेळी मोटार न लावता, पाणी रात्रभर निवळू देऊन, मधल्या थरातून दोन नमुने घेतले. एक तसाच ठेवला. दुसरा विहिरीवरच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढला आणि त्यानंतर त्यात आम्ल घातले. तिसरा नमुना मुद्दाम तळ ढवळून घेतला. निवळ पाणी गाळलेले असो वा न गाळलेले, दोन्हींत शिसे मर्यादेच्या आत होते. ढवळलेले पाणी मर्यादेच्या कितीतरी वर गेले. डिसेंबरचा माझा नमुना म्हणजे फूटव्हॉल्व्हने, मोटारीच्या नळीच्या तोंडाशी असलेल्या झडपेने, तळातून ओढलेला गाळ होता. त्यात आम्ल घातल्यावर मातीच्या कणांवर बसलेले शिसे विरघळले आणि अहवालात ते पाण्यातले शिसे म्हणून उतरले. प्रयोगशाळेने आकडा बरोबर दिला होता. मी त्याचा अर्थ चुकीचा लावला होता.

या चुकीतून मिळालेली माहिती मात्र मोलाची होती. शिसे येथे पाण्यात विरघळून चालत नव्हते. ते मातीच्या बारीक कणावर बसून चालत होते. शिशाचा स्वभावच असा आहे, आणि कोकणच्या तांबड्या जांभ्या मातीत तो अधिकच ठळक होतो, कारण या मातीत भरपूर असलेली लोहाची ऑक्साइडे शिशाला घट्ट धरून ठेवतात. म्हणून ते खोल झिरपत नाही, वरच्या वीतभर थरात राहते आणि तो थर जिकडे जाईल तिकडे जाते. पाऊस नेईल तिकडे, केरसुणी नेईल तिकडे आणि माणूस घमेल्यात भरून नेईल तिकडेही. विहीर हा उगम नव्हता. मातीच्या वाटेवरचा तो एक मुक्काम होता.

माती कुठून कुठे गेली

मार्चच्या सुरुवातीला आम्ही सगळे आवार दोरीने आखून चौकोनांत विभागले आणि प्रत्येक चौकोनातून वरच्या थराचे पाच ठिकाणचे चिमटे एकत्र करून एकेक नमुना घेतला. सड्यावरच्या अस्पर्श मातीचा एक नमुना तुलनेसाठी घेतला. माती सावलीत वाळवून १५० मायक्रॉनच्या चाळणीतून काढली, कारण मुलाच्या ओल्या हाताला चिकटतो आणि तोंडात जातो तो हाच बारीक अंश. घरातील इतर संशयही दूर करणे आवश्यक होते. दारे-खिडक्यांचा जुना रंग, हळदीची पूड आणि मुलाच्या डोळ्यांत घातले जाणारे काजळ यांचे नमुने तपासले आणि त्यांत दखल घेण्याजोगे काही आढळले नाही.

सड्यावरची माती दोन आकडी मिलिग्रॅममध्ये राहिली, जशी ती निसर्गतः असते. चुलीच्या जागी आणि आम्ल ओतलेल्या गडग्याच्या पायथ्याशी प्रमाण किलोमागे हजारो मिलिग्रॅममध्ये गेले. हे अपेक्षित होते. अनपेक्षित होते ते खळे. घराभोवतीच्या मातीसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अनेक वर्षे किलोमागे ४०० मिलिग्रॅम ही पातळी धरली होती आणि जानेवारी २०२४ मध्ये ती २०० वर आणली. आमच्या खळ्यातला बारीक अंश जुन्या ४०० च्याही वर होता, आणि खळ्यात तर कधीच कोणी शिसे वितळवले नव्हते.

उत्तर भावाने दिले. पाऊस ओसरला की दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे खळे नव्याने करतात. वाहून गेलेल्या जागी मऊ तांबडी माती पसरायची, पाणी मारून चोपण्याने चोपायची आणि शेणाने सारवायची. वडील ही माती वरच्या बागेच्या कडेवरून आणत. पुढे तेथे शेजारच्या जागेला चिऱ्यांची भिंत बांधली गेली आणि वाट बंद झाली. तेव्हापासून भाऊ मांगरामागची माती घेऊ लागला. ती जवळ होती, हातात घेतली तर पिठासारखी बारीक होती आणि कित्येक वर्षे तेथे कोणी कुदळ घातलेली नव्हती. त्या वर्षीच्या नव्या खळ्यावर त्याचा मुलगा रांगायला शिकला. दर दिवाळीला तीच माती नव्याने पसरली गेली आणि तिच्याच खळ्यावर भात झोडले गेले, मिरच्या वाळल्या आणि मे महिन्यात कोकमाची सोले वाळली. सोलांच्या आंबट रसाला शिसे विरघळवून घेण्याची ताकद असते हे मला ठाऊक होते. ती सोले आमच्या स्वतःच्या घरी मुंबईला येत होती हेही मला ठाऊक होते, पण या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून एक साधा हिशेब केला. ट्रकच्या बॅटरीच्या वजनापैकी सुमारे साठ टक्के शिसे असते, म्हणजे एका बॅटरीत वीस किलोच्या आसपास. त्यातले बहुतेक मण्यांत जाते हे खरे, पण समजा सारे वीस किलो मातीत मिसळले, तर ते पन्नास टन मातीला किलोमागे ४०० मिलिग्रॅमपर्यंत नेऊ शकते. पाण्याचा हिशेब याहून भयंकर दिसतो, कारण एक ग्रॅम शिसे एक लाख लिटर पाण्याला पिण्याच्या मर्यादेपर्यंत पोचवण्यास पुरेसे असते.

अशी गोष्ट जगात पहिल्यांदा घडत नव्हती. सेनेगलच्या डाकार शहराजवळील तियारोय-सुर-मेर या किनारी वस्तीत नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात अठरा मुले दगावली. तेथेही बॅटऱ्यांतून काढलेले शिसे मासेमारीच्या जाळ्यांच्या वजनांसाठी वापरले जात होते, आणि पुढे लोकांनी शिसे मिसळलेली माती चाळून विकायला काढली होती. तो अहवाल मी पूर्वी वाचला होता. दूरच्या देशातली गोष्ट म्हणून बाजूला ठेवला होता.

काढायचे काय आणि ठेवायचे काय

सगळी माती काढणे शक्य नव्हते आणि इष्टही नव्हते. माती काढणे म्हणजे ती दुसरीकडे टाकणे, आणि ते दुसरीकडे कुठे हा प्रश्न सुटल्याखेरीज कुदळ उचलायची नाही असे आम्ही ठरवले. आवाराचे तीन भाग केले. चुलीची जागा व गडग्याचा पायथा येथील माती, मळी आणि बॅटऱ्यांची कवचे पूर्ण काढायची. खळ्याचा वरचा थर काढायचा. मांगरामागचा बाकीचा पट्टा जागेवरच बांधून टाकायचा.

कामाच्या काळात मूल, भावजय आणि आई भावजयीच्या माहेरी, मुलाच्या मामाकडे राहिली. माती आधी पाण्याने ओली केल्याशिवाय एकही फावडे मारले नाही. काम करणाऱ्यांनी मुखपट्टी लावली, कपडे वेगळे धुतले, हात-तोंड धुतल्याशिवाय कोणी पाणीही प्यायले नाही. चुलीच्या जागी वीतभर खोल जाताच कातळ लागला. जांभ्याला भेगा आणि पोकळ्या असतात आणि त्यांत मळीचे तुकडे अडकलेले होते. ते हाताने वेचून काढण्यात तीन दिवस गेले, आणि सबंध कामात सर्वांत कष्टाचा भाग तोच होता. मिळालेले शिसे नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे गेले. मळी आणि तीव्र बाधित माती झाकणाच्या पिंपांत भरून उंच चौथऱ्यावर छपराखाली ठेवली. तळोज्याला घातक कचऱ्यावर प्रक्रिया करून तो पुरण्याची सोय आहे. पण ती व्यवस्था कारखान्यांसाठी आखलेली असल्याने एका शेतकऱ्याच्या घरातील सात पिंपे तेथे कोणत्या कागदावर जावीत हे ठरायला एक पूर्ण पावसाळा लागला. संबंधित कार्यालयाशी झालेल्या पत्रव्यवहाराची फाइल मी जपून ठेवली आहे. बॅटऱ्यांच्या हाताळणीचे नियम देशात २००१ पासून होते आणि २०२२ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. त्या नियमांना कारखाना, विक्रेता आणि पुनर्चक्रण करणारा दिसतो. परड्यातली चूल दिसत नाही. बाधित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम केंद्राने २४ जुलै २०२५ रोजी अधिसूचित केले. आमचे काम त्याआधीचे आहे.

मागच्या पट्ट्यासाठी फॉस्फेटचा उपाय निवडला. शिसे, फॉस्फेट आणि क्लोराइड एकत्र आले की पायरोमॉर्फाइट नावाचे खनिज तयार होते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि पोटातल्या आम्लातही त्यातले शिसे सहज सुटत नाही. म्हणजे शिसे जागेवर राहते, पण त्याचा उपद्रव कमी होतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराच्या साउथ प्रेस्कॉट भागात २०११ च्या सुमारास याच तत्त्वावर माशांच्या हाडांची पूड घरांभोवतीच्या मातीत मिसळली गेली. माशांचे काटे आमच्याकडे थोडे नाहीत आणि तो मार्ग मला फार आवडला होता. पण काटे स्वच्छ करून, वाळवून, दळून वेळेत मिळवणे जमले नाही आणि आम्ही सिंगल सुपर फॉस्फेट घेतले. खत किंचित आम्लधर्मी असल्याने ते आधी शिशाला सुटे करते आणि मग बांधते. तीन आठवडे माती ओलसर ठेवल्यावर चुना मिसळून आम्लता उतरवली. क्लोराइडची वेगळी सोय करावी लागली नाही, कारण खाडीचा खारा वारा ते काम वर्षभर करत असतो.

या उपायाच्या मर्यादा येथे स्पष्ट लिहिल्या पाहिजेत, कारण ऐकीव माहितीवर कोणी तो केला तर नुकसान होईल. जांभ्या मातीतले लोह आणि ॲल्युमिनियम फॉस्फेट स्वतःच गिळून टाकतात, त्यामुळे इतर ठिकाणचे प्रमाण येथे पुरत नाही आणि ते चाचणी करूनच ठरवावे लागते. पावसाच्या तोंडावर खत टाकले तर ते खाडीत जाऊन शेवाळ माजवते, म्हणून आमचे मिश्रण मार्चअखेर पूर्ण करून, वर स्वच्छ मातीचा वीतभर थर देऊन मेमध्ये गवत लावले. बॅटरीच्या जाळीत शिशाबरोबर अँटिमनी आणि थोडे आर्सेनिकही असते. फॉस्फेट आर्सेनिकला मातीवरून ढकलून पाण्यात सोडू शकते. म्हणून विहिरीच्या पाण्यात पुढचे वर्षभर शिशाबरोबर आर्सेनिकही तपासले आणि ते मर्यादेतच राहिले.

मोहरी किंवा सूर्यफूल लावून शिसे शोषून काढा असा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला. शिसे मुळांशीच अडते, देठात व पानांत फारसे चढत नाही. ते चढावे म्हणून मातीत घालायची रसायने शिशाला विद्राव्य करतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या आणि उताराखाली विहीर असलेल्या जागी असे करणे म्हणजे आजवर नशिबाने वाचलेले भूजल स्वतःच्या हाताने बिघडवणे होय. आम्ही गडग्याच्या कडेने वाळा लावला, तो शिसे पिण्यासाठी नव्हे, माती धरण्यासाठी. हे काम त्याची मुळे उत्तम करतात.

घर, विहीर, कुणगे

मातीच्या कामापेक्षा घराच्या स्वच्छतेला लोकांनी कमी महत्त्व दिले असते. माझ्या मते मुलाच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची होती. माळ्यावरचे जुने पाग आणि सुटे मणी उतरवून ठेवले, कौले आणि वासे ओल्या फडक्याने पुसले, गोधड्या धुतल्या आणि सहा महिने कोरड्या झाडूला रजा देऊन जमीन रोज ओल्या फडक्यानेच पुसली. खराट्याने खळे झाडताना उठणारी लालसर धूळ आम्हाला लहानपणापासून घराची ओळख वाटत आली होती.

विहीर मेमध्ये उपसली. उपसलेला गाळ माडाच्या आळ्यात किंवा अळवाच्या वाफ्यात टाकण्याची रीत आहे, कारण तो कसदार असतो. या वर्षी तो पिंपांत गेला. विहिरीच्या कठड्याबाहेर चिऱ्यांचा चौथरा बांधून खळ्याचे पाणी वेगळ्या चराने वळवले आणि फूटव्हॉल्व्ह तळापासून हातभर वर उचलला. येथे एक गोष्ट सांगून ठेवते. पाणी उकळल्याने धातू जात नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण किंचित वाढते. आमच्यासारखे शिसे कणांवर बसलेले असेल तर तुरटी फिरवून, निवळून, गाळून बराच भाग कमी होतो. पण ते विरघळलेले आहे की कणांवर आहे हे तपासल्याशिवाय असा भरवसा धरू नये.

पऱ्याचे पाणी जेथे पहिल्या कुणग्यात शिरते त्या कोपऱ्यात गाळाचा पंखा साचला होता आणि तेथे प्रमाण २०० च्या आसपास होते. भाताच्या दाण्यात शिसे फार थोडे पोचते. त्या कुणग्यातल्या तांदळाचा अहवाल तृणधान्यासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने ठरवलेल्या किलोमागे ०.२ मिलिग्रॅम या मर्यादेच्या आत आला. पेंढ्यात ते अधिक असते, म्हणून त्या कोपऱ्यातील पेंढा गुरांना घातला नाही. न्हाणीच्या पाण्यावरचे अळू आणि मांगराजवळचा माठ उपटून टाकला. पालेभाज्यांवर धूळ बसते आणि ती धुऊन पूर्ण जात नाही. आंबा आणि नारळ यांविषयी गावात भीती पसरली होती. फळांत शिसे जवळजवळ चढत नाही हे समजावून सांगायला मला बरेच दिवस लागले.

खाजणाच्या पुढे आम्ही हात लावला नाही. कांदळवनाच्या चिखलात प्राणवायू नसतो आणि तेथील सल्फाइड शिशाला बांधून ठेवते. तो चिखल उकरला तर हवा लागून ते सुटे होईल. पऱ्याच्या मुखाशी कालवे आणि तिसऱ्या काढू नयेत एवढेच वाडीला सांगितले, कारण शिंपल्यातले जीव गाळातले धातू अंगात साठवतात. ही मनाई अजून उठवलेली नाही आणि तेथील नमुने घेण्याचे काम बाकी आहे.

नंतरचे वर्ष

जूनमध्ये मामाकडून परत येताना मुलाचा आकडा फेब्रुवारीच्या निम्म्याहून खाली आला होता. या उताराचे श्रेय आमच्या कामाला देता येणार नाही, कारण तो तीन महिने त्या आवारातच नव्हता. खरी परीक्षा घरी राहून दिवाळी उलटल्यावरची होती. डिसेंबरच्या तपासणीत आकडा आणखी उतरला, पण पाचाच्या खाली गेला नाही. हाडांत साठलेले शिसे सावकाश बाहेर येत राहील. त्याची वाढ, बोलणे आणि लक्ष यांची तपासणी दर सहा महिन्यांनी होते. शेजारच्या दोन घरांतील मुलांचेही रक्त तपासून घेतले. ज्या घराने आमच्याकडून खळ्यासाठी माती नेली होती, तेथील मुलीचा आकडा पाचाच्या थोडा वर निघाला आणि त्यांचेही खळे काढले.

भाऊ अजून पाग टाकतो. मण्यांच्या जागी त्याने लोखंडी साखळी ओवली आहे. लोखंड शिशापेक्षा हलके असल्याने जाळे बसायला क्षणभर अधिक लागतो आणि त्यासाठी त्याने फेकण्याची पद्धत बदलली. या दिवाळीला खळ्यासाठी माती त्याने वरच्या सड्याजवळून आणली. ती पसरण्याआधी तिची एक पिशवी त्याने माझ्याकडे पाठवली होती. अहवाल आल्यावरच चोपणे बाहेर निघाले.